डागडुजी थांबत नाही तेव्हा...

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरड कोसळणे नवे नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर घाट बंदच पडला होता. दरड आली की माती उपसायची, संरक्षक भिंत बांधायची, रस्ता मोकळा करायचा आणि कामगारांनी परतायचे. पण ते परतलेच नाहीत आणि काँक्रीट ओतत राहिले, तर वाहनांना वाटच उरणार नाही. फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये नेमके असेच घडते.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या अतिशय पातळ. त्यांच्यातून प्राणवायू रक्तात जातो. दुसऱ्या पेशी वायुकोश मिटू न देणारा स्राव तयार करतात आणि इजा झाली की नव्या पातळ पेशीही घडवतात. त्याच वेळी फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे विणून जखमेला आधार देतात. जखम भरली की त्यांचे काम आवरते.

धूर, धूळ, बुरशीचा मारा वर्षानुवर्षे चालला, किंवा वय आणि आनुवंशिकता आड आली, की दुसऱ्या प्रकारच्या पेशी दुरुस्तीच्या अर्ध्या वाटेवर अडकतात. 'टीजीएफ-बीटा'सारखे रासायनिक निरोप सुटत राहतात आणि फायब्रोब्लास्ट थांबत नाहीत. कोलॅजेन साचून फुप्फुस ताठर होते. हा ताठरपणाच त्यांना आणखी चिथावतो.

काही वेळा कारण सापडत नाही. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत, फुप्फुसाच्या अशा विकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांचा आजार श्वासावाटे गेलेल्या घटकांच्या ॲलर्जीतून झालेला होता. ओलसर कूलरमधली बुरशी, कबुतरांची विष्ठा आणि पिसे ही त्याची नेहमीची कारणे. दगडखाणीतल्या सिलिकाच्या धुळीनेही फुप्फुसे अशीच ताठरतात.

पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे फायब्रोसिसचा वेग कमी करतात. पडलेला व्रण मात्र पुसत नाहीत. म्हणून वेळ महत्त्वाची. नेहमीचा चढ चढताना दम लागू लागला, कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे हटेना, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांना वेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा आवाज येऊ शकतो. सीटी स्कॅनने चित्र स्पष्ट होते. आपण कुठे काम करतो, घरात चूल आहे का, खिडकीत कबुतरे बसतात का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण वेळीच सापडून दूर झाले, तर पुढची हानी रोखण्याची संधी मिळते.