उथळ पाण्याला उजेड किती?

‘टाकी लहान आहे, किती वॉटचा दिवा घेऊ?’ पाणवनस्पतींची टाकी करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. मी उलट विचारते: पाणी किती खोल, दिवा किती उंचावर आणि झाडं कोणती? वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे दिव्याआधी झाड दिसतं.

वॉट म्हणजे दिवा खातो ती वीज. ट्यूबलाइटच्या काळात सगळ्या नळ्या वॉटमागे साधारण सारखाच उजेड द्यायच्या, म्हणून लिटरमागे इतके वॉट असा ठोकताळा चालायचा. एलईडी आल्यावर तो निरुपयोगी झाला. झाडाच्या कामाचा असतो तो 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश. तो पानावर किती पडतो, हे मायक्रोमोलमध्ये मोजतात. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांना 15 ते 30 मायक्रोमोल पुरतात. जमिनीलगत पसरणाऱ्या हिरवळीला आणि लाल रोटालाला 50 किंवा त्याहून जास्त लागतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हाच आकडा 2000च्या आसपास जातो.

ताकाशी अमानो यांनी जलउद्यानाची कला जगभर नेली. त्यांच्या एडीए कंपनीची 60×30×18 सेंटिमीटरची एक उथळ टाकी आहे. त्याच मापाची टाकी मी इथल्या काचवाल्याकडून चिकटवून घेतली. माती वजा केली तर झाडांवर दहा-बारा सेंटिमीटर पाणी उरतं. एवढं स्वच्छ पाणी प्रकाश फारसा शोषत नाही. म्हणून 45 सेंटिमीटर खोल टाकीसाठी बनवलेला दिवा इथे काठावर ठेवला की मधल्या झाडांवर उजेडाचा मारा होतो आणि कोपरे मात्र अंधारे राहतात.

यावर उपाय दोन. एक, दिवा टाकीच्या लांबीइतका घ्यावा. दुसरा, तो उंची बदलता येईल असा टांगावा. पाण्यापासून 20 ते 30 सेंटिमीटरवर टांगला की जोर कमी होतो आणि उजेड सगळीकडे सारखा पसरतो. डिमर असलेला दिवा थोडा महाग पडला तरी तोच घ्या, असं मी आग्रहाने सांगते. उथळ टाकीत उजेड कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच शक्यता मोठी.

जास्त झाला तर काय बिघडतं? प्रकाश वाढला की झाडाची भूक वाढते. त्याला तितका कार्बन डायऑक्साइड आणि खत मिळालं नाही तर वाढ अडते आणि न वापरलेल्या उजेडावर शेवाळ माजतं. अनुबियासची पानं अनेक महिने टिकतात, म्हणून हिरवे ठिपके आधी त्यांच्यावर बसतात. ते झाड लाकडाच्या सावलीत लावावं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडणार नसाल, तर हिरवळीचा नाद सोडून सावलीची झाडं निवडा आणि मंद दिव्यावर समाधान माना. ती टाकीही तितकीच देखणी होते.

दिव्याच्या खोक्यावरचा 6500 केल्विन हा आकडा उजेडाचा रंग सांगतो, जोर नाही. पांढऱ्या उजेडात पानं जशी आहेत तशी दिसतात, म्हणून तो चांगला. रंगदर्शकता, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, 90च्या वर असेल, तर लाल पानं खुलून दिसतात. जांभळ्या दिव्याखाली झाडं वाढतात, पण हिरवा रंग मरतो. रोज बघण्यासाठी ठेवलेल्या टाकीत ते मला पटत नाही.

सुरुवात रोज सहा तासांनी करावी. झाडं रुळली की आठ तासांपर्यंत न्यावं. रोजची वेळ पक्की हवी, म्हणून टायमर लावावा. आपल्याकडे वीज जाते तेव्हा चकतीचा टायमर थांबतो आणि वेळ पुढे सरकते. त्यासाठी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. पंधरा सेंटिमीटरपर्यंत भरली तर या टाकीत जेमतेम 27 लिटर पाणी मावतं, माती आणि दगडांमुळे त्याहूनही कमी. चैत्र-वैशाखात ते लवकर तापतं.

उघड्या टाकीचं पाणी दिव्यावर उडतं, म्हणून आयपी 67 दर्जाचा दिवा पाहावा. वायर प्लगपेक्षा खाली लोंबवून मग वर न्यावी. ओघळणारा थेंब त्या लोंबीवरून गळून जातो, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

दिवा लागल्यावर नवी पानं बघावीत. पेरांमधलं अंतर वाढून खोडं काडीसारखी वर धावत असतील, तर उजेड कमी आहे. काचेवर आणि वरच्या पानांवर हिरवं साचत असेल, तर तास कमी करा किंवा दिवा वर उचला. दोन्ही एकदम करू नका. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे थांबा, कारण जुनं पान सुधारत नाही. दिव्याचा निकाल नव्या पानावरच लागतो.