रात्री दीड वाजताचा निर्णय



गळीत हंगाम सुरू झाला की संचालकांच्या घरचा फोन रात्रीही थांबत नाही. टोळी आली नाही, ट्रॅक्टर बांधीत फसला, कारखान्यावर गाड्यांची रांग लागली. मागच्या एका हंगामात रात्री दीडच्या सुमारास असेच फोनवर फोन आले. आम्ही पहाटेपासून पायावर होतो. वैतागून म्हटले, "हलवा ती टोळी दुसऱ्या गावाला." पहिल्या गावात निम्मा ऊस तोडून पडलेला आहे, हे विचारायचे सुचलेच नाही. तो ऊस तीन दिवस उन्हात राहिला. तोडलेल्या उसाचे वजन घटत जाते, साखरही उतरते. त्या सभासदाची आम्ही माफी मागितली, पण वजन काही परत आले नाही.

हे जागरणाचे फळ. ऑस्ट्रेलियातील दोघा संशोधकांनी १९९७ मध्ये हात आणि डोळ्यांच्या मेळाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखा चुकू लागतो, असे त्यांना दिसले. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! आणि दारूप्रमाणेच इथेही ज्याला झोप चढली त्याला वाटते, आपण अगदी शुद्धीवर आहोत.

पण आपल्याकडे रात्री दोनला फोन उचलेल तोच कामाचा पुढारी. गोंदियाहून मुंबईच्या गाडीत बसले की नागपूरनंतर वर्धा लागते. तिथून जवळच सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. देशभरच्या माणसांची रीघ, तरी सोमवारी ते बोलत नसत. सततच्या बोलण्यातून उसंत मिळावी म्हणून हे मौन सुरू झाले; साधना म्हणून त्याचे मोल त्यांना पुढे कळले. २ जून १९४७ ला सोमवारच होता. समोर व्हाइसरॉय माउंटबॅटन फाळणीची योजना घेऊन बसलेले, आणि गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तर दिले.

६ मे १९४४ ला आगाखान पॅलेसमधून सुटले तेव्हा ते आजारी होते. लोक विचारत होते, आता पुढे काय? ते आधी जुहूला समुद्रकाठी राहिले, मग पाचगणीला गेले. जिनांना भेटीचे पत्र लिहिले ते जुलैत. सप्टेंबरात बोलणी फिसकटली ती गोष्ट वेगळी. विश्रांतीने प्रत्येक काम फत्ते होते असे आमचे म्हणणे नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, पोळ्याला जू ठेवत नाही. चेअरमनसाहेबांच्या खांद्याचे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही एक ठराव ठेवणार आहोत : रात्री दहानंतर टोळ्या हलविण्याचा निर्णय फोनवर होऊ नये. उसाला आग लागली, गाडी उलटली, कोणी जखमी झाले तर मध्यरात्रीही खुशाल उठवा. बाकी तक्रार गट कार्यालयात लिहून द्यावी. सकाळी तोडणीचा तक्ता समोर ठेवून ती पाहिली जाईल. या बाबतीत आपले मत मंडळाच्या सभेपूर्वी कळवावे.