उतरलेल्या बॅटरीचा हिशोब

गणपतीला डोंबिवलीहून रेल्वेने कोकणात गेलेलं कुटुंब आठवड्याने परततं. इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीला चावी फिरवावी, तर सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प. छताचा दिवा चालूच राहिलेला असतो. पाच वॅटचा हा एवढासा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.4 ॲम्पिअर खेचतो, म्हणजे दिवसाला 10 ॲम्पिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा 35 ॲम्पिअर-अवरची असते. साडेतीन दिवसांत खडखडाट!

आता ती चार्जिंगला किती वेळ लावायची? आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. जेवढं खर्च झालं त्याहून साधारण वीस टक्के जास्त भरावं लागतं, कारण थोडी वीज उष्णतेत आणि वायू होण्यात जाते. म्हणजे 35 चे झाले 42. साध्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या एक दशांश करंट मानवतो, इथे साडेतीन ॲम्पिअर. 42 भागिले साडेतीन, बारा तास. बॅटरी अर्धीच उतरली असेल तर सहा. हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो: काही तास न वापरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवत असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास तर निम्मी.

घाई म्हणून 10 ॲम्पिअरचा चार्जर लावणं महागात पडतं. बॅटरी तापते, पाणी आटतं, प्लेटा खराब होतात. जुना, आपोआप बंद न होणारा चार्जर असेल तर बॅटरी रात्री लावून झोपू नये. सकाळी लावावी, म्हणजे लक्ष राहतं.

लक्ष ठेवायचं ते मुख्यतः हायड्रोजनवर. चार्जिंग होताना, विशेषतः शेवटी, हा वायू सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. म्हणून जागा मोकळी हवी, जवळ विडी-काडी नको. चार्जरचं बटण बंद ठेवूनच आधी लाल चिमटा धनाला, मग काळा ऋणाला जोडावा आणि त्यानंतर वीज सुरू करावी. काढताना आधी वीज बंद. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत ना, ते पाहावं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, नळाचं कधीच नाही. आतलं द्रावण गंधकाम्लाचं असतं, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर ठेवली तर प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही तास लावा, ती पूर्ण भरत नाही. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी मात्र चार्जिंगला लावूच नका. ती दुकानदाराकडे परत द्या.