डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आलेला महापूर सुरतेतील कोणताही रहिवासी विसरणे शक्य नाही. अडाजणमधील माझे छोटेसे रुग्णालय एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. तेथे पुरुषभर पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून निघालेले केसपेपर आम्ही गच्चीवर वाळत घातले. इमारतीतील इतर रहिवासीही गाद्या-गोधड्या घेऊन तेथेच येत असत. माझा जुना कंपाउंडर प्रत्येक कागद उलटा करून, मजकुराची बाजू खाली ठेवून, वर खडा ठेवीत होता. अशाने कागद लवकर वाळायचे नाहीत, असे मी म्हणालो. त्यावर तो सहजपणे उत्तरला, "साहेब, अहीं लोको आवे-जाय छे, वांची लेशे."

जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या त्या माणसाला जे न शिकविता उमगले होते, ते मला पुढे पाच वर्षांनी एका रुग्णाकडून शिकावे लागले. ती हकिकत मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आज व्यवसायबंधूंसमोर ती मांडतो आहे, ती केवळ माझी चूक इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून.

२०११ सालची गोष्ट. हजीरा पट्ट्यातील एका कंपनीत काम करणारे एक मराठी अभियंता पोटदुखीने रात्री माझ्याकडे आले. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा होता, त्यामुळे बिलाची चिंता नव्हती. शस्त्रक्रियेपूर्वी माहिती घेताना त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले होते, की सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या निधनानंतर त्यांना नैराश्य आले होते, वर्षभर औषधे चालू होती, आणि आता ती पूर्ण बंद आहेत. भूलतज्ज्ञांना हे कळणे आवश्यकच होते. परंतु आमच्या निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड लिहिताना पूर्वेतिहासाच्या रकान्यात ती ओळही उतरविली, आणि मी न वाचता खाली सही केली.

आठ-नऊ महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी दुखणे पोटाचे नव्हते. विम्याचे कागद कंपनीच्या मनुष्यबळ विभागामार्फत जात असत. परदेशातील एका प्रकल्पावर जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव होते. निवडीच्या वेळी एका अधिकाऱ्याने "आता मन ठीक असते ना?" असे मोठ्या आपुलकीने विचारले, आणि पुढे यादीतून नाव गळाले. कारण कोठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे दाद मागण्याचीही सोय नव्हती. ते रागावलेले नव्हते. त्यांनी मला एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, अपेंडिक्सशी त्या गोष्टीचा काय संबंध होता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

मित्रहो, गुप्ततेचे हे व्रत आपल्याला पाश्चात्त्यांनीच शिकविले, असे मानण्याचे कारण नाही. हिपोक्रॅटिसच्या शपथेत ते आहेच. पण चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्याने रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. फरक इतकाच, की त्या काळी गुपित जाणणारे दोघेच असत. १९८६ साली आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम योजना आली, पुढे खासगी कंपन्या आल्या, आणि २००१ च्या नियमांन्वये टीपीए, म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामधील दावे हाताळणाऱ्या संस्था, अस्तित्वात आल्या. कॅशलेसची सोय झाली आणि रुग्णाचा मोठा भार हलका झाला, यात शंका नाही. मात्र दोघांमधील गुपिताला आता आपल्या काउंटरवरील कारकून, टीपीएचे डॉक्टर, विमा कंपनी, तिचा तपासनीस, एजंट आणि सामूहिक विमा असल्यास मालकाचे कार्यालय, इतके वाटेकरी झाले. रुग्णाने मात्र ते एकाच माणसाला, आपल्याला, सांगितलेले असते.

कायदा काय म्हणतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्या वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचे गुपित तीनच प्रसंगी उघड करता येते : न्यायाधीशांचा आदेश असेल तर, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि रोग कळविणे बंधनकारक असेल तर. सुरतकरांना या तिसऱ्या अपवादाचे मर्म निराळे सांगावयास नको. १९९४ च्या प्लेगच्या दिवसांत संशयित रुग्ण कळविणे हे आपले कर्तव्यच होते. २०१२ पासून क्षयरोगाचेही तसेच आहे. दुसऱ्या अपवादाचा कस १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात लागला. एचआयव्हीबाधित असल्याचे रुग्णालयाकडून उघड झाल्यामुळे ज्याचे लग्न मोडले, असा एक रुग्ण न्यायालयात गेला होता, आणि तो स्वतः डॉक्टर होता. न्यायालयाने गुप्ततेचा हक्क मान्य केला. परंतु नियोजित वधूच्या जीविताचा प्रश्न असल्याने येथे तो चालणार नाही, असे म्हटले. विम्याचा दावा मंजूर व्हावा, हे कारण या तीन अपवादांत कोठेही बसत नाही. तेथे आधार एकच, तो म्हणजे रुग्णाची संमती.

आणि ती संमती आपण कशी घेतो? फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या दोन ओळी, समोर वेदनेने कण्हणारा रुग्ण, आणि "येथे सही करा" असे म्हणणारा आपला माणूस. लिंबायत, उधना, डिंडोलीकडील आपले खानदेशी बांधव आयुष्मान कार्ड घेऊन येतात, तेव्हा तर त्यांचे कागद, छायाचित्र, तपासण्या सारे संगणकावर चढविले जाते. फॉर्म इंग्रजीत किंवा गुजरातीत असतो. ज्या गोष्टीला आपण होकार देत आहोत, ती त्याला कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगते का? या शहरातील मराठी डॉक्टरांनी हे काम केले नाही, तर दुसरे कोण करणार?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्याच वर्षी संमत झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाच्या माहितीला, आणि एचआयव्ही-एड्स कायद्याने त्या रुग्णाच्या माहितीला विशेष संरक्षण दिले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तथापि एक उणीव नमूद केली पाहिजे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदींना 'संवेदनशील' असा स्वतंत्र दर्जा होता; नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. शिवाय नोकरीविषयक कारणांसाठी मालकाला संमतीविनाही माहिती वापरण्यास काही वाव ठेवला आहे. माझ्या त्या रुग्णाची आठवण झाली, की ही तरतूद मला अस्वस्थ करते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना तेथील १९९६ च्या हिपा कायद्याचा परिचय असतो. त्याखालील खासगीपणाचे नियम एप्रिल २००३ पासून बहुतेक आरोग्ययोजनांना लागू झाले. बिल आणि दाव्यासाठी माहिती देताना 'आवश्यक तेवढीच' द्यावी, योजनेकडील माहिती मालकाने नोकरीविषयक निर्णयांसाठी वापरू नये, आणि रुग्णाला स्वतःची नोंद पाहण्याचा व तीत दुरुस्ती मागण्याचा हक्क असावा, ही त्यांतील मुख्य सूत्रे. तेथेही चोऱ्या आणि गळती होतच असते. तरी तेथील रुग्णाला निदान काय मागावे, हे ठाऊक असते.

एकदा बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही, याचा प्रत्यय आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये आला. स्टार हेल्थ या मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांचे विम्याचे कागद, निदाने आणि तपासणी अहवाल टेलिग्रामवर सहज मिळू लागले. तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्यापाशी असल्याचा दावा चोराने केला. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने ही माहिती रोखण्याचा अंतरिम आदेश दिला. पण ज्याने ती उतरवून घेतली, त्याच्या संगणकातून ती कशी पुसणार? आणि दोष केवळ कंपन्यांचा आहे, असेही नाही. २०२० च्या सुरुवातीस ग्रीनबोन या जर्मन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील क्ष-किरण, सीटी स्कॅन इत्यादींच्या लाखो नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता : तीन लाखांवर नोंदी आणि सुमारे सात कोटी प्रतिमा. त्या चोरीला गेल्या नव्हत्या. रुग्णालये आणि निदानकेंद्रांच्या संगणकांना पुरेसे कुलूपच नव्हते. म्हणजे ही चूक आपल्याच घरातली.

येथे कोणी म्हणेल, की डॉक्टरांनी विमा कंपनीपासून माहिती लपवावी, असे तुम्हास सुचवायचे आहे काय? मुळीच नाही. विम्याचा करार परस्पर सद्भावावर उभा असतो. पूर्वीचा आजार दडविणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि त्यासाठी नोंदीत फेरफार करणे हा तर आपल्या व्यवसायाला कलंक आहे. पॉलिसी घेताना रुग्णाने सर्व काही खरे सांगावे, असा सल्ला आपणच दिला पाहिजे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. तोही रुग्णांना सांगण्याजोगा आहे. माझे म्हणणे एवढेच, की केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरात सर्व असावे. ते उपचारासाठी आहे. बाहेर जाणाऱ्या कागदावर त्या आजाराशी आणि पुढील उपचारांशी संबंधित असेल तेवढे असावे. कंपनीने अधिक विचारले, तर लेखी विचारावे. रुग्णाला ते दाखवावे, आणि त्याच्या संमतीने खरे तेच उत्तर द्यावे.

त्या प्रसंगानंतर मी काही नियम स्वतःपुरते घालून घेतले. डिस्चार्ज कार्ड स्वतः वाचल्याशिवाय सही करीत नाही. रुग्णाला ते घरी जाण्यापूर्वी वाचून दाखवितो आणि कोठकोठे जाणार, ते त्याच्या भाषेत सांगतो. मालकासाठी दाखला मागितल्यास 'कामावर रुजू होण्यास योग्य' एवढेच लिहितो, निदान लिहीत नाही. रुग्णाने स्वतःच्या नोंदी मागितल्यास २००२ च्या संहितेप्रमाणे बहात्तर तासांत देतो. अहवाल व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकीत नाही, आणि काउंटरवरील मुलाला संगणकाचा स्वतंत्र पासवर्ड दिला आहे. यांत फार मोठे असे काही नाही. प्रत्येक रुग्णामागे पाच-दहा मिनिटे अधिक जातात.

आमच्या संस्थेच्या सभासदांना एक नम्र सूचना कराविशी वाटते. विमा आणि शासकीय योजनांच्या फॉर्मवरील संमतीचा अर्थ सोप्या मराठीत सांगणारे एक पानाचे पत्रक आपण तयार करावे आणि प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात लावावे. स्मरणिकेच्या खर्चातच ते होऊ शकेल.

ते अभियंता आजही माझे रुग्ण आहेत. त्यांची मुलेही येतात. त्यांनी माझ्यावरील विश्वास काढून घेतला नाही, हा त्यांचा मोठेपणा. कंपाउंडर मात्र आता हयात नाही. आज आमच्या नोंदी गच्चीवर वाळत घालण्याची वेळ येणार नाही; त्या संगणकात आहेत, आणि पाण्यापासून सुरक्षित आहेत. पण सही करण्यासाठी कार्ड पुढे आले, की मला त्याचे ते कागद उलटे ठेवणे आठवते, आणि मी पूर्वेतिहासाचा रकाना पुन्हा एकदा वाचतो.