श्लेषपुटीशोथ, गुडघ्याचा

गुडघ्याभोवती असलेल्या लहान, द्रवयुक्त पिशव्यांना श्लेषपुटी म्हणतात व त्यांना येणाऱ्या दाहयुक्त सुजेला गुडघ्याचा श्लेषपुटीशोथ अशी संज्ञा आहे. ही सूज सहसा सांध्याच्या आत नसून बाहेर असते. निदान व चिकित्सा या दोन्ही दृष्टींनी हा भेद मूलभूत आहे. गुडघ्याची कोणतीही सूज म्हणजे संधिवात, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे साध्या विकाराची अनाठायी भीती बाळगली जाते आणि पू झालेल्या पुटीकडे मात्र दुर्लक्ष होते.

त्वचा, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा तंतुमय पट्टा) व हाड यांचे एकमेकांवर होणारे घर्षण कमी करणे, हे श्लेषपुटीचे कार्य होय. तिच्या पातळ अस्तरातून बुळबुळीत द्रव स्रवतो. निरोगी अवस्थेत तो इतका अल्प असतो की, पुटी हाताला लागत नाही. वारंवार दाब पडला, मार बसला वा जंतू आत शिरले, तर अस्तर जाड होते, द्रव वाढतो आणि पुटी फुगते. गुडघ्याभोवती अशा दहाहून अधिक पुटी असतात. त्यांपैकी गुडघ्याची वाटी व त्वचा यांच्यामधील अग्रपुटी सर्वांत जास्त वेळा विकृत होते. वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यापुढे दुसरी पुटी असते. आतल्या बाजूस, सांध्याच्या फटीच्या थोडे खाली असणाऱ्या पुटीचा शोथ बहुधा मध्यमवयीन, स्थूल व गुडघ्यांची झीज झालेल्या स्त्रियांत आढळतो व जिना चढताना विशेष दुखतो. गुडघ्यामागील लवणीतील पुटी मात्र पुष्कळदा सांध्याच्या पोकळीशी जोडलेली असते. तेथील फुगवट्याचे वर्णन इंग्रज शस्त्रवैद्य विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये केले. त्याचे मूळ बहुधा सांध्यातील विकारातच असल्यामुळे त्याचा विचार निराळा करावा लागतो.

इंग्लंडमध्ये फरशा घासणाऱ्या मोलकरणींत आढळल्यामुळे अग्रपुटीच्या शोथाला ‘मोलकरणीचा गुडघा’ हे नाव पडले; वाटीखालच्या पुटीच्या शोथाला ‘धर्मोपदेशकाचा गुडघा’ म्हणतात. हात पुढे टेकून ओणवे झाल्यास भार वाटीवर येतो, ताठ गुडघे टेकल्यास तो खाली नडगीच्या उंचवट्यावर सरकतो. या नावांमागील शरीररचनेचा अर्थ एवढाच. उकिडवे बसून केर काढणे किंवा भांगलण करणे यांत गुडघ्यावर ताण पडतो, पण वाटी जमिनीला टेकत नाही. म्हणून ही नावे आपल्याकडील घरकामास जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आपल्याकडे फरशी बसविणारे कारागीर, गवंडी आणि कुस्तीगीर यांच्या बाबतीत हा धोका लक्षात ठेवावा लागतो. कोल्हापूरसारख्या कुस्तीप्रिय भागात तर पहिलवानाच्या गुडघ्यावरील मऊ फुगवटा मुका मार समजून सोडून देणे योग्य नाही.

धार्मिक आचारातूनही गुडघ्यावर असाच दाब पडतो. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडी हे कृष्णा-पंचगंगा संगमावरील दत्तक्षेत्र याचे उदाहरण म्हणून घेता येईल. नदीत स्नान करून ओलेत्याने दंडवत घालणाऱ्याचा उघडा गुडघा प्रत्येक नमस्कारागणिक दगडी फरशीवर टेकतो. ओली त्वचा मऊ पडलेली असते व फरशीवरील बारीक वाळूने ती सहज खरचटते. एखाद्या दिवसाच्या नमस्कारांनी सहसा काही बिघडत नाही. संकल्प करून दिवसचे दिवस ही सेवा करणाऱ्यास मात्र दाब आणि खरचटणे ही दोन्ही कारणे एकदमच भोवतात. या परिसराला 2005, 2019 व 2021 या वर्षांत महापुराचा मोठा तडाखा बसला. पूर ओसरल्यावर गुडघे टेकून गाळ काढताना झालेली क्षुल्लक जखमही जंतूंना वाट करून देऊ शकते. ती लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन झाकणे आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करणे आवश्यक असते.

लक्षणे व निदान : साध्या शोथात वाटीवर गोलसर, मऊ, मर्यादित फुगवटा येतो, वेदना बेताच्या असतात व पाय सरळ केल्यास त्रास होत नाही, मात्र पूर्ण दुमडताना त्वचा ताणली जाऊन दुखते. सांध्यातच पाणी झाले असेल, तर सूज वाटीच्या वर व दोन्ही बाजूंना पसरते आणि वाटी बोटाने दाबली असता पाण्यावर तरंगत असल्यासारखी भासते. सांध्यात पू झाल्यास पाय कोणत्याही दिशेला किंचितही हलवू देववत नाही. त्वचा लाल व गरम होणे, असह्य ठणका, ताप, जवळपास जखम किंवा फोड असणे ही पुटीत जंतुसंसर्ग झाल्याची चिन्हे होत. बहुसंख्य वेळा हा संसर्ग त्वचेवरील पुंजगोलाणूंमुळे होतो. मधुमेही व्यक्तीत तो झपाट्याने पसरतो. तिने एक दिवसही वाट पाहू नये. काही रुग्णांत ताप येत नाही, त्यामुळे शंका असल्यास निरोगी त्वचेतून सुई घालून द्रव काढतात व त्यात पेशी, जंतू आणि गाऊट या विकारात आढळणारे यूरिक अम्लाचे स्फटिक पाहतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या, न दुखणाऱ्या सुजेत क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

चिकित्सा : जंतुसंसर्ग नसल्यास दाब थांबविणे हाच मुख्य उपाय होय, तो न पाळता घेतलेल्या औषधांचा गुण टिकत नाही. सुरुवातीच्या दिवसांत फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा 15–20 मिनिटे शेक, दाबपट्टी व वैद्याच्या सल्ल्याने दाहशामक गोळ्या यांनी पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. जठरव्रण वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. द्रव काढल्यावरही दाब चालू राहिल्यास पुटी पुन्हा भरते. स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाल्याशिवाय देत नाहीत, कारण त्यामुळे संसर्ग बळावतो. संसर्ग असल्यास प्रतिजैव औषधे बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास द्यावी लागतात. पू साठल्यास तो काढावा लागतो. वारंवार उद्‌भवणाऱ्या किंवा अस्तर जाड झालेल्या विकारात शस्त्रक्रियेने पुटी काढून टाकतात.

गुडघ्याला बिब्बा लावणे, डाग देणे व जोराने चोळणे हे उपाय ग्रामीण भागात केले जातात. बिब्ब्याने त्वचेवर फोड उठतात, डागण्याने ती भाजते. म्हणजे जी त्वचा जंतूंना अडवीत असते तीच फोडली जाते आणि निर्जंतुक पुटीत पू होण्याची सोय होते. हळदीचा साधा लेप अखंड त्वचेवर सहसा निरुपद्रवी असला, तरी त्याने लाली झाकली जाऊन वाढता संसर्ग लक्षात येत नाही.

प्रतिबंधासाठी गुडघ्याखाली जाड घडी किंवा गादीयुक्त पट्टा घ्यावा, गुडघे टेकून करावयाचे काम मध्येमध्ये थांबवावे व खरचटलेली त्वचा बरी होईपर्यंत त्या गुडघ्यावर भार देऊ नये. दंडवताची सेवा करणाऱ्यास सूज उतरेपर्यंत उभ्याने नमस्कार व पायी प्रदक्षिणा घालता येतात.