बाळंतिणीची खोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळंतिणीच्या खोलीला एक वास असतो. ओव्याचा, शेपेच्या धुरीचा, तेलाचा आणि दुधाचा. कानाला फडकं बांधून बसलेली आई, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीजवळ एक सल्ला. आजी म्हणते, पाणी कमी पी. आत्या म्हणते, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर. न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणते, नाकात दोन थेंब तेल सोडा. तीन रात्री जागलेल्या त्या मुलीला कुणाचं ऐकावं ते कळत नाही. सगळ्याजणी मायेच्याच, म्हणून ‘नको’ म्हणणं आणखी जड जातं.

आपली सव्वा महिन्याची रीत मुळात शहाणपणाची आहे. ताणलेलं गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तेवढेच दिवस बाईला घरकामातून सुटका, गरम जेवण आणि अंग चोळून देणारे हात मिळावेत ही सोय आपल्या आज्या-पणज्यांनी लावून ठेवली. पण त्याच खोलीत काही समज असेही शिरले आहेत, की ज्यांनी बाळाच्या जिवाला धोका होतो. ते ओळखायला एक सोपी कसोटी आहे. बाळाला बाहेरून जे मिळतं ते, म्हणजे ऊब, स्पर्श, अंगाई, बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण बाळाच्या आत जे जातं, तोंडातून, नाकातून, डोळ्यांतून, बेंबीतून, त्यात आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेली लस-औषधं एवढंच असावं. पुढचे बहुतेक गैरसमज या एका कसोटीवर तपासता येतात.

गैरसमज १ : पहिलं चिकाचं दूध बाळाला जड पडतं. ते काढून टाकावं आणि मध चाटवावा.

वस्तुस्थिती : पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध ही बाळाची पहिली लसच समजावी. त्यात रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. ते थोडंच येतं म्हणून आई घाबरते. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभरच मावतं. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं. सिझेरियन झालं असलं तरी आई शुद्धीवर असेल तर, कुणी बाळ धरून दिलं तर, हे जमतं.

मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्याने स्नायू लुळे पडतात आणि श्वासही अडू शकतो.

गैरसमज २ : बाळ सारखं रडतं, म्हणजे आईचं दूध पुरत नाही.

वस्तुस्थिती : या एका वाक्याने जितक्या आयांचं दूध आटवलं असेल, तितक्यांचं क्वचितच दुसऱ्या कशाने आटलं असेल. बाळ भूक लागली म्हणून रडतं, तसंच ओलं झालं, उकडलं, थकलं किंवा नुसतं कुशीत यायचं आहे म्हणूनही रडतं. संध्याकाळी तर अनेक बाळं दोन-तीन तास पुन्हा पुन्हा छातीला लागतात. तेवढ्याने दूध कमी आहे असं होत नाही.

दूध मागणीनुसार तयार होतं. बाळ जितकं ओढेल तितका आईच्या मेंदूला निरोप जातो, आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध बनवायला लावतं. रात्री ते जास्त स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये. काळजीने बाटली सुरू केली की बाळ आईला कमी ओढतं, निरोप कमी जातो आणि दूध खरंच कमी होतं. स्तनांचा आकार लहान की मोठा, याचा दुधाशी संबंध नाही.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होतंय का? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का? आणि वजन वाढतंय का? पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्माच्या वजनावर येतं, आणि मग रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढतं.

पाजताना टोचत असेल, भेगा पडत असतील, तर बाळाची पकड चुकते आहे. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात, ही बरोबर पकड. वजन खरंच वाढत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. आणि कधी वरचं दूध द्यावं लागलंच, तर त्यात आईची कसूर नाही, हे घरातल्या प्रत्येकाने तिला सांगावं.

गैरसमज ३ : उन्हाळ्यात बाळाला पाणी हवं, आणि पोटासाठी गुटी हवीच.

वस्तुस्थिती : आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही; लागतं ते अधिक वेळा पाजणं. पाण्याने इवलं पोट भरतं आणि दूध मागे पडतं.

हरडा, वेखंड, मुरडशेंग, सुंठ, जायफळ सहाणेवर उगाळून दिलेल्या गुटीशी आपल्या घराघरांचा जिव्हाळा आहे. पण सहाण, पाणी आणि हात यांतलं एक जरी अस्वच्छ असेल, तर जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. जायफळाने बाळ गुंगतं. ते शांत झालं असं आपल्याला वाटतं, आणि एक-दोन वेळचं दूध चुकतं. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, एवढंच पुरे.

गैरसमज ४ : बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, डाळी, फळं, पालेभाज्या टाळाव्यात.

वस्तुस्थिती : पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही. कमी प्यायल्याने मात्र बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते आणि टाके असलेली बाई संडासाच्या नावानेच घाबरते. आईने फळ खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंनी होते.

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं यांची जागा इथेच आहे, कारण त्यांतून ऊर्जा आणि अळिवातून लोह मिळतं. पण लाडू हे जेवणाच्या जोडीला, जेवणाऐवजी नाहीत. वरण, भाकरी, भाजी, दूध, आणि घरात चालत असेल तर अंडी-मासे, हे सगळं हवं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक आम्लाची रोज एक गोळी आणि कॅल्शियम घ्यायचं असतं. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. दोन्ही गोळ्या एकाच वेळी मात्र घेऊ नयेत.

गैरसमज ५ : शेक-शेगडी आणि धुरीशिवाय बाळंतपण पक्कं होत नाही.

वस्तुस्थिती : ऊब हवीच, धूर नको. खाटेखाली कोळशाची शेगडी आणि दारं-खिडक्या बंद असल्या की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो. धुरीचा धूर बाळाच्या नव्या फुप्फुसांना झोंबतो. आपल्या कसोटीत हेही बसतं, कारण धूर श्वासातून आतच जातो.

उबेचा उत्तम उपाय आईजवळच आहे. बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून तिच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. कमी वजनाच्या बाळांना तर ही कांगारू पद्धत जीवदान देते. वडिलांनीही ती करावी. पहिली अंघोळ निदान चोवीस तासांनंतर घालावी. हलक्या हाताचं मालिश चांगलंच. पण लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने रगडू नये. लव आपोआप गळते.

गैरसमज ६ : काजळाने डोळे मोठे होतात, तेलाने टाळू भरते, हळदीने बेंबी वाळते.

वस्तुस्थिती : डोळ्यांचा आकार काजळाने बदलत नाही. काजळ भरणाऱ्या बोटाने डोळ्यांत जंतू जातात, आणि काही काजळांत शिसं असतं. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली मऊ फट. वाढत्या मेंदूसाठी निसर्गाने ती ठेवलेली असते, आणि बहुतेक बाळांची पुढची टाळू वर्ष ते दीड वर्षात आपोआप भरते. ती ठेक्याने उडताना दिसते, त्यात काही वावगं नाही. ती खोल गेलेली किंवा फुगलेली दिसली तर मात्र दवाखाना गाठावा. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं.

बेंबीवर हळद, राख, तेल, काहीही नको. ती कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत नाळ गळून पडते. माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यामागे आईला टोचलेली लस होती आणि नाळेची स्वच्छताही होती.

कधी कधी नवजात बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, सुजलेली दिसते. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो. ती पिळून ‘दूध काढू’ नये, गळू होतं.

गैरसमज ७ : आईने पिवळं खाल्लं म्हणून बाळाला कावीळ झाली. उन्हात धरलं की जाते.

वस्तुस्थिती : आईच्या वरणातल्या हळदीचा इथे काही दोष नाही. बाळाचं यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं, म्हणून रक्तात बिलिरुबिन साठतं. पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पण पहिल्या चोवीस तासांत दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्तावलं किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर उन्हाच्या भरवशावर बसू नये. वाढलेल्या काविळीने मेंदूला इजा होऊ शकते, आणि रुग्णालयातल्या निळ्या दिव्याखाली ती सहज उतरवता येते. शी पांढुरकी असेल तर त्याच दिवशी दाखवावं.

गैरसमज ८ : सारखं घेऊ नका, हाताची सवय लागेल.

वस्तुस्थिती : नऊ महिने पोटात राहिलेल्या जिवाला कुशी हीच ओळखीची जागा. रडल्यावर उचललं म्हणून तान्हं लाडावत नाही. ते दिवसातून सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. दिवस-रात्रीची जाण यायला काही महिने जावे लागतात. झोपवताना उताणं निजवावं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी लागत नाही, आणि तान्ह्याजवळ कसलीही उशी नसलेलीच बरी. झोपेत ते हसलं की आपण म्हणतो, सटवाई हसवते. ओळखून हसणं साधारण सहाव्या आठवड्यात येतं, आणि आईच्या साऱ्या जागरणांचं चीज होतं.

गैरसमज ९ : बाळ झाल्यावर आई आनंदातच असते. रडते ती नाटकं करते.

वस्तुस्थिती : दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून विनाकारण डोळे भरून येणं निम्म्याहून अधिक आयांना होतं, आणि ते दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदासी राहिली, झोपायला मिळूनही झोप येईना, बाळाबद्दल काही वाटेना, ‘मी नसलेली बरी’ असे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींना असं नैराश्य येतं. म्हणजे जवळपास पाचातली एक. दृष्ट काढल्याने कुणाचं नुकसान नाही, पण त्यावर थांबू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, मराठीतूनही, बोलता येतं.

गैरसमज १० : अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत.

वस्तुस्थिती : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवस-रात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी अजून न आलेली, या तिन्ही अटी पाळल्या तरच हा भरवसा बराचसा खरा. एक जरी सुटली तरी नाही, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. तांबी किंवा पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या गोळ्या यांबद्दल सव्वा महिन्याच्या तपासणीतच नवरा-बायकोने मिळून विचारावं.

केव्हा थांबायचं नाही

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, बेंबीतून पू आला, तर घरगुती उपाय करत बसू नये. आईचा एक पॅड तासाभरात भिजत असेल, ताप असेल, स्रावाला दुर्गंधी असेल, डोकं फार दुखून अंधारी येत असेल, तरीही तसंच. १०८ला फोन करावा.

आणि आशाताईला दारातून परत पाठवू नये. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. या भेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, ही कामं त्या बाळाच्या घरी जाऊन करत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं, आणि २०११ पासून देशभरात ही पद्धत आली.

त्या बाळांना वाचवणाऱ्या बायका त्याच गावच्या होत्या. त्याही अशाच खोलीत शिरल्या, तशाच धुरीच्या वासात बसल्या. सोबत त्यांनी माया नेली होती आणि खरी माहितीही. आजी, आत्या, सासू, न्हाऊ घालणारी बाई, यांच्याकडे माया आधीपासूनच आहे.