पेपर अस्सल, पण कुत्रा कसा?

आजचा विषय वरवर छोटा वाटेल, पण त्यात घरातल्या माणसांचे पैसे अडकलेले असतात आणि एका मुक्या जिवाचं दहा-बारा वर्षांचं आयुष्यही. पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो, 'पेपर आहेत ना?' आणि 'आहेत' म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. पेपर आहेत म्हणजे कुत्रा चांगलाच असणार, असं आपण धरून चालतो. तेव्हा या पेपरमध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं आणि काय नसतं, ते आज समजून घेऊ.

थोडा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, अमेरिकेत १८८४ साली. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, हेच काम करतो. मुळात हे काम नोंदवहीचं आहे. या पिल्लाचा बाप कोण, आई कोण, आजा-पणजा कोण आणि ते सगळे एकाच जातीचे म्हणून नोंदलेले आहेत का, एवढं ती वही सांगते. सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. उतारा स्वच्छ असला तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं. विहिरीला पाणी लागेल का, हे उताऱ्यावरून कळत नाही. पेपरचंही तसंच आहे. अमेरिकन केनेल क्लब स्वतःच सांगतो की आपली नोंदणी म्हणजे कुत्र्याच्या दर्जाची किंवा तब्येतीची हमी नव्हे. गंमत अशी की वही ठेवणारा हे सांगतोय आणि विकत घेणारा ऐकत नाही.

आता ही नोंद होते कशी? एका वेतात पाच पिल्लं झाली, तर त्यांची माहिती मुख्यतः ब्रीडरच भरून देतो. प्रत्येक घरी जाऊन कोणी पिल्लं तपासत नाही. मायक्रोचिप बसवली तर त्या चिपवरून कुत्रा तोच आहे एवढं कळतं. त्याच्या खुब्याचा सांधा नीट आहे का, डोळे पुढे अधू होतील का, तो माणसांना घाबरून चावरा होईल का, यातलं चिपला काहीच ठाऊक नसतं. म्हणजे नोंद शंभर टक्के प्रामाणिक असली, तरी प्रश्न शिल्लकच राहतात.

दुसरी गोष्ट जरा नीट लक्षात घ्या. बहुतेक जातींची नोंदवही बंद असते. ज्याचे आईबाप वहीत आहेत, त्यालाच आत प्रवेश. बाहेरचं रक्त येत नाही, आणि त्यात एखादा नर डॉग शोमध्ये चॅम्पियन झाला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असतात. काही पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातेवाईक होऊन बसतात. हे मोजायचं एक साधं गणित आहे. आते-मामे भावंडांच्या संबंधातून झालेल्या संततीत हे प्रमाण ६.२५ टक्के येतं. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संबंधातून २५ टक्के. प्रमाण जितकं जास्त, तितका दोन्ही बाजूंनी तोच बिघडलेला जीन येण्याचा धोका जास्त. असं असूनही ब्रिटनच्या केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-लेक, सख्खी भावंडं अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंद थांबवली ती २००९ साली. तोवर अशा पिल्लांनाही रीतसर पेपर मिळत होते!

आणि चॅम्पियनचं काय? शोमध्ये परीक्षक बघतो ते कुत्र्याचं रूप, ठेवण आणि चाल. एक्स-रे काढल्याशिवाय दिसत नाही असा खुब्याचा दोष त्याला रिंगमध्ये कसा दिसणार? पगचं चपटं नाक तर त्या जातीची खूणच मानली जाते, आणि त्याच नाकामुळे आपल्या उन्हाळ्यात पग धापा टाकत पडतो. म्हणजे काही वेळा दोष लपलेला नसतोच. तोच दोष 'जातीचं लक्षण' म्हणून पसंत केलेला असतो.

या सगळ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे डाल्मेशियन, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो कुत्रा. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं पुढे दुसऱ्या, सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होतं. डाल्मेशियनमध्ये ते पुरेसं होत नाही. त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड जास्त राहतं आणि खडे होण्याचा धोका असतो. नरांची मूत्रनलिका अरुंद, म्हणून तिथे खडा अडकला की जिवावर बेततं. आता बघा, हा दोष सगळ्याच शुद्ध डाल्मेशियनमध्ये होता. मग वहीतल्या वहीत कितीही चांगली जोडी शोधली, तरी तो जाणार कसा?

रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांनी १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी फक्त एकदा संकर केला. त्यानंतर दर पिढीत, दोष नसलेली पिल्लं निवडून पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावली. दर पिढीला पॉइंटरचा अंश निम्मा होत गेला आणि काही पिढ्यांनी दिसायला-वागायला पूर्ण डाल्मेशियन असलेली, पण युरिक ॲसिड नीट पचवणारी कुत्री तयार झाली. १९८१ साली त्यातल्या दोघांची अमेरिकेत नोंद झाली, पण जातीच्या क्लबमधून विरोध झाला आणि पुढची नोंदणी थांबली. २००८ साली दोषाचा नेमका जीन सापडला, आणि अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना दार उघडलं ते २०११ साली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं दोष असलेल्या कुत्र्याला पेपर मिळत होते, आणि ज्याचा दोष काढला होता त्याला नव्हते. पेपर आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा आपल्याला कशाला हवा?

याचा अर्थ पेपर निरुपयोगी आहेत, असा मात्र काढू नका. बिनपेपरचं पिल्लू आपोआप निरोगी ठरत नाही. तिथे तर आजोबा कोण हेही कळत नाही. वंशावळ हातात असली तर एकच नाव दोन्ही बाजूंना किती वेळा येतं, ते तरी तपासता येतं. म्हणून पेपर ही चौकशीची सुरुवात समजावी.

मग पुढे काय विचारायचं? लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे रिपोर्ट मागायचे. त्या जातीत जे आनुवंशिक आजार आढळतात, त्यांच्या डीएनए चाचण्या झाल्यात का, ते विचारायचं. आईला तिच्या जागेवर जाऊन बघायचं. ती कशी राहते, अनोळखी माणसाजवळ कशी वागते, यावरून बरंच कळतं. आधीच्या वेतातली पिल्लं आज कशी आहेत, त्यांच्या मालकांशी बोलता येईल का? भारतात २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ही नोंदणी केसीआयच्या पेपरपेक्षा वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. शेवटी, पिल्लू घरी आणण्याआधी आपल्या ओळखीच्या व्हेटला दाखवा.

चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच आपल्याला विचारतो की घर केवढं आहे, दिवसभर घरी कोण असतं, फिरायला कोण नेणार. ज्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना 'पेपर आहेत ना साहेब' एवढंच उत्तर असेल, त्याच्याकडून आपण हात हलवत परत आलेलं बरं.